चीवर नसलेली मूर्ती

मे महिना आला की लंडनमधल्या, इल्फर्डच्या आमच्या घरात सगळे दबकत चालायला लागतात. जिन्याची तिसरी पायरी करकरते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. कुकर बंद, भात मायक्रोवेव्हमध्ये. रस्त्याकडेच्या चेस्टनटवर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे आलेले असतात, गवताच्या परागांनी डोळे चुरचुरतात, आणि जेवणं उरकली तरी खिडकीतला उजेड हटत नाही. या वर्षी माझ्या लेकीची, प्रज्ञाची, युनिव्हर्सिटीची शेवटची परीक्षा आहे. ती अभ्यासाला घरी आली आहे आणि फ्रिजवर, आरशावर, अगदी बाथरूमच्या दारावरही तिच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या आहेत.

या शांततेवर माझा विश्वास नाही. घर इतकं गप्प झालं की मी कान देऊन बसते. कोण कुठल्या खोलीत आहे, कुठला नळ चालू आहे, पुढच्या दाराला कुलूप आहे ना. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच मे महिन्यात मला ही सवय लागली. तेव्हा प्रज्ञाची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, होती आणि माझे वडील, अण्णा, आमच्याकडे राहायला आले होते.

अण्णा वेम्बलीला एकटे राहायचे. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. नागपूरहून ते तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बिल्डिंग इन्स्पेक्टर होते. संशय घेणं हे त्यांचं कामच होतं. भिंतीला भेग दिसली की ते तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवत आणि महिन्याभराने जाऊन बघत. पट्टी तडकली असेल तर भेग अजून हलते आहे. "ताजा रंग दिसला की आधी विचार, आत्ताच का रंगवलं," असं ते मला लहानपणी सांगायचे. विहारात रविवारी कुणी म्हणालं की अमक्या ग्रंथात असं असं आहे, तर अण्णा शांतपणे विचारत, "तुम्ही स्वतः वाचलंय?" लोक वैतागायचे. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, धम्माची सुरुवातच तिथून होते, असं त्यांचं म्हणणं. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, दुसऱ्याने तपासलेलं प्रिस्क्रिप्शन पुन्हा तपासते, आणि तेही मला त्यांच्याकडूनच आलं असावं.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता त्यांचे फोन यायला लागले.

"सुजाता, माझ्या घरात कुणीतरी येऊन जातं."

"काही गेलंय का?"

"नाही. वस्तू हलवतात."

चष्मा फ्रिजमध्ये मिळाला. आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला मिळाला. मी विश्वास ठेवला. अण्णा म्हणतात म्हणजे तपासून म्हणत असणार. मी कुलूप बदलून घेतलं. जुनी किल्ली शेजारच्या गुजराती काकूंकडे असायची, म्हणून त्यांच्याकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागले. त्या बिचाऱ्या ढोकळा घेऊन आल्या तर मी दार अर्धंच उघडलं. मग नवी किल्ली हरवली, आणि एका शनिवारी मी भात टाकायला गेले तेव्हा तांदळाच्या डब्यात माझ्या बोटांना लागली. ती बाहेर काढून मी पुसली, खिशात टाकली, आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. त्या क्षणापासून माझा संशय काकूंवरून उठला आणि अण्णांवर जाऊन बसला. हे मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

एप्रिलमध्ये त्यांना आमच्याकडे आणलं. ते दिवसभर वर-खाली करत. दर थोड्या वेळाने प्रत्येक दाराची मूठ फिरवून बघत. प्रज्ञा कानात बोळे घालून अभ्यास करायची, आणि शेवटी एकदा रडकुंडीला आली.

"आई, मी नाही करू शकत असं. तू आजोबांना कुठेतरी ने ना, जस्ट वन वीक. इटलीला ने. माझा लिस्ट आहे, तो घेऊन जा."

तिचा विषय कलेचा इतिहास. परीक्षेनंतर मैत्रिणींबरोबर इटलीला जायचं म्हणून तिने वर्षभर संग्रहालयांची यादी केली होती, प्रत्येक नावापुढे काय बघायचं ते लिहून. मैत्रिणींचं फिसकटलं होतं. मी यादी घेतली, सुट्टी टाकली, तिकिटं काढली. अण्णांना बदल हवाय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला घर मोकळं करायचं होतं. आणि त्याहून खरं म्हणजे सात दिवस त्यांना जवळून बघायचं होतं. मी वडिलांवर पाळत ठेवायला इटलीला गेले, असं म्हटलं तरी ते खोटं ठरणार नाही.

फ्लॉरेन्स आठवलं की मला आधी पायाखालचा गारवा आठवतो. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत शिरलं की दगडाची थंडी तळव्यांतून वर चढायची. मेणाचा, जुन्या लाकडाचा आणि गर्दीच्या अंगावरच्या सनक्रीमचा एकत्र वास. सोनेरी पार्श्वभूमीवरचे संत, एकामागून एक खोल्या भरून. लोक चित्रांकडे बघायचे आणि अण्णा आधी छताच्या कोपऱ्यांकडे.

"इथे पाणी मुरतंय," ते हळूच म्हणाले. "रंग देऊन झाकलंय."

मग देवदूतासमोर उभे राहून, "याचा चेहरा बाकीच्या चित्राहून नवा आहे. कुणीतरी पुन्हा केलाय."

मी मान डोलवायची आणि मनात नोंद करायची. हे खरं बघणं आहे की तेच, घरात कुणीतरी येऊन वस्तू हलवतं, ते? मला कळायचं नाही. एका राखणदाराने आमच्या मागे मागे यायला सुरुवात केली. एवढ्या गोऱ्या माणसांत हा आमच्याच मागे का, म्हणून माझं डोकं तापलं. मी वळून त्याला विचारणार, तेवढ्यात पाहिलं की अण्णा वाकून, बोटाच्या पेराने, एका चित्राच्या खालची भिंत ठोकत होते. पोकळ आवाज येतो का ते ऐकत होते. राखणदाराने नम्रपणे हात हलवून नको म्हटलं. मी ओशाळले. त्याचा संशय योग्य निघाला होता आणि माझा चूक.

एका दालनात सगळ्या भिंतींवर बाळाला घेतलेल्या मेरीच होत्या. अण्णा बाकावर बसले आणि म्हणाले, "तिलाही सांग, किती वेळ उभी राहशील. बस म्हणावं."

"कुणाला?"

"तुझ्या आईला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच समोरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "या आईला म्हणतोय. बघ, एकटी तीच उभी आहे."

खरंच, तेवढी एक मेरी उभी होती. मी हसले. पण ते वाक्य त्यांनी आधी ठरवलं होतं की सावरून घेतलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. माणूस आपली भेग स्वतःच रंगवून झाकायला लागला, तर बाहेरून बघणाऱ्याने कुठे काच चिकटवायची?

हॉटेलात ते खिडकीच्या कड्या तपासायचे आणि खुर्ची दाराला टेकवून ठेवायचे. एका सकाळी पासपोर्ट मिळेना. दोघांनी मिळून सगळं सामान उपसलं. तो त्यांच्या उशीच्या अभ्र्यात होता. "मीच ठेवला होता," ते म्हणाले, "सुरक्षित राहावा म्हणून." हेही पटण्यासारखंच होतं. त्यांचं सगळंच पटण्यासारखं असायचं, आणि तेच मला खात होतं.

तिथून आम्ही ट्रेनने बोलोन्याला गेलो. लाल-पिवळ्या भिंतींचं गाव, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या लांबच लांब पडव्या, त्यामुळे ऊन असो पाऊस असो, माणूस सावलीतून चालतो. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. दर वर्षी या दिवशी अण्णा विहारात असतात. आई गेली त्या वर्षीसुद्धा ते चुकले नव्हते. प्रज्ञाच्या यादीत बोलोन्यातल्या एका छोट्या खाजगी संग्रहालयापुढे लिहिलं होतं, ‘बुद्ध, दगड, भारत’. मी ते अण्णांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्या जागेचं नाव इथेही देत नाही. जुन्या काळी पूर्वेकडे जाऊन आलेल्या एका व्यापाऱ्याचं घर, त्यात त्याने जमवलेल्या तलवारी, चिनी मातीची भांडी, हस्तिदंताच्या डब्या.

अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता. मी त्यांना शेवटच्या खोलीत नेलं. खिडकीशेजारी काळपट दगडाची, हातभर उंचीची, पद्मासनातली मूर्ती होती. मिटलेले डोळे, लांब कान, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. उजेड तिच्या एका गालावर पडला होता. मला भरून आलं. परक्या गावात, नेमका आजच्या दिवशी. मी फोटो काढला, हात जोडले आणि अण्णा जोडतील म्हणून वाट बघत राहिले.

त्यांनी जोडले नाहीत. चष्मा पुसला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून पायांपाशी पाहिलं.

"हा बुद्ध नाही," ते म्हणाले.

"अण्णा, खाली लिहिलंय."

"लिहिलेलं मीही वाचलं. हा बुद्ध नाही, कुणीतरी इथे दुसराच आणून बसवलाय."

‘कुणीतरी’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर तांदळाचा डबा आला. मी म्हटलं, "जाऊ दे ना, आज पौर्णिमा आहे." पण ते तिथे बसलेल्या बाईंकडे गेले. साखळीला चष्मा लावलेल्या, माझ्याच वयाच्या बाई. अण्णा स्वच्छ इंग्रजीत सांगायला लागले, ही पाटी चुकीची आहे, तुमच्या प्रमुखांना बोलवा. बाई हसून ऐकत होत्या. अण्णांचा आवाज चढला. आणखी दोघं-चौघं वळून बघायला लागली. अण्णांनी मूर्तीच्या छातीकडे बोट केलं आणि ते बोट फारच जवळ गेलं. बाई उठल्या.

तेव्हा मी मध्ये पडले आणि इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. माझ्या वडिलांची मनःस्थिती ठीक नाही. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका."

इतके महिने मी जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला सांगितलं, आणि तेही अण्णांच्या समोर, जन्मभर ज्या भाषेत त्यांनी अहवाल लिहिले त्या भाषेत. बाईंचा चेहरा लगेच मऊ झाला. त्या अण्णांशी सावकाश, मोठ्याने बोलायला लागल्या, लहान मुलाशी बोलतात तसं. अण्णा हात मागे बांधून बाहेर गेले.

बाहेर पडवीत ते एका खांबाला टेकून उभे होते. समोरच्या दुकानातून चीजचा आंबूस वास येत होता. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या अण्णा. दमलात."

त्यांनी बाटली घेतली नाही. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, थोड्या वेळापूर्वी मूर्तीकडे पाहिलं होतं तसंच. मग म्हणाले, "माफ करा, तुम्ही कोण?"

"अण्णा, मी सुजाता."

"नाही. तुम्ही तिच्यासारख्या दिसता. पण सुजाता चारचौघांत असं बोलली नसती."

जन्मात मला वडिलांनी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. त्यांचा पुरावा बिनतोड होता. मलाही वाटलंच होतं की ते बोलणारी मी नव्हते.

ते माझ्याबरोबर यायला तयार होईनात. परक्या बाईबरोबर हॉटेलात कशाला यायचं? त्यांनी पोलिसांना बोलवायची भाषा केली. मी नाइलाजाने प्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावला. तिचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी फोन अण्णांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरले.

"आजोबा, ती आईच आहे," प्रज्ञा सांगत होती. "खरंच. ती माझा आई आहे."

"माझी आई," अण्णा म्हणाले. "आई स्त्रीलिंगी असते."

"ओके. माझी आई आहे. तुम्ही तिच्याबरोबर घरी येणार ना?"

"तू ओळखतेस या बाईंना?"

"हो, आजोबा. आय प्रॉमिस."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फोन मला परत दिला. नातीने हमी दिलेल्या बाईंबरोबर ते हॉटेलात आले, विमानात बसले, आणि लंडनला उतरेपर्यंत अतिशय सभ्यपणे वागले. माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. विमानात आपला बिस्किटांचा पुडा मला देऊ केला. मी तो घेतला, आणि तोंड खिडकीकडे करून खाल्ला. घरात पाय टाकल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "सुजाता, चहा टाक." जणू काही झालंच नव्हतं.

पुढे मेमरी क्लिनिक झालं, घड्याळाचं चित्र काढायला लावणं झालं, स्कॅन झाला, आजाराला नाव मिळालं. जवळच्या माणसाच्या जागी दुसरंच कुणी आलंय असं वाटणं या आजारात होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, त्यांना नुसतं वाटलं नव्हतं, त्यांनी कारण दिलं होतं.

परीक्षा संपल्यावर प्रज्ञा माझ्या फोनमधले फोटो बघत बसली होती. एकदम तिचा हात थांबला.

"आई, आजोबा बरोबर होते."

तिने मूर्तीची छाती मोठी करून दाखवली. मधोमध एक झिजलेली खूण होती, शंकरपाळ्याच्या आकाराची. श्रीवत्स. मनगटापाशी, घोट्यापाशी, खांद्यावर, कुठेही चीवराची कड नाही. म्हणजे अंगावर वस्त्रच नव्हतं. ती जैन तीर्थंकराची मूर्ती होती. लहानपणी भारतात गेलो की अण्णा मला वेरूळला न्यायचे, पार शेवटच्या जैन लेण्यांपर्यंत चालवायचे आणि हाच फरक समजावून सांगायचे. मी ऊन लागतं म्हणून कुरकुरायचे. त्या खोलीत, सगळ्यांत आधी हात जोडणाऱ्या मला, पाटी वाचून भरून आलं होतं. आणि ज्याला मी आजारी म्हटलं त्या माणसाने मूर्ती बघितली होती.

प्रज्ञाने संग्रहालयाला सविस्तर ईमेल लिहिली. पानगळीच्या दिवसांत उत्तर आलं. तज्ज्ञांना दाखवलं, तुमचं म्हणणं योग्य आहे, पाटी बदलली आहे, आपल्या आजोबांना धन्यवाद कळवावेत. मी ते छापून अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"त्यांनी स्वतः तपासलं," त्यांनी विचारलं, "की तुम्ही सांगितलं म्हणून बदललं?"

तो ‘तुम्ही’चा दिवस होता. आता काही दिवस मी ‘तू’ असते, काही दिवस ‘तुम्ही’. सकाळी चहा नेला की पहिल्या वाक्यातल्या क्रियापदाची मी वाट बघते. ‘ठेव’ म्हणतात की ‘ठेवा’. त्यांची खोली आता खालीच आहे, पूर्वीच्या डायनिंग रूममध्ये. वेम्बलीचं घर बंद केलं. गुजराती काकूंना मी जाऊन भेटले, संशय घेतला होता हे सांगितलं, त्या म्हणाल्या मला कळलं होतं.

अण्णांचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं, याच्या मी मनात अजून याद्या करते. फ्लॉरेन्सच्या त्या छतात खरंच पाणी मुरत असेल. देवदूताचा चेहरा खरंच नंतर केलेला असेल. आणि घरात कुणीतरी येऊन वस्तू हलवत होतं, हेही एका अर्थी खरंच होतं. आता मला अधूनमधून एखादा शब्द आठवत नाही, तेव्हा मी स्वतःकडेही संशयाने बघते. आजाराने त्यांचा संशय वाढवला असेल, पण पोसला तो मी, पाळत ठेवून. त्या सात दिवसांत मी एकदाही त्यांना सरळ विचारलं नाही, अण्णा, तुम्हाला काय होतंय? ते कदाचित सांगणारही होते.

परवा दुपारी मी त्यांची नखं कापत होते. खिडकी उघडी होती, वर प्रज्ञाचं पाठांतर चाललेलं ऐकू येत होतं.

"तुम्ही कौन्सिलकडून येता का?" अण्णांनी विचारलं. म्हाताऱ्यांची देखभाल करायला कौन्सिल बायका पाठवतं, त्यांतली एक मी.

"हो," मी म्हटलं.

"काम चांगलं करता."

मी अंगठ्याचं नख कापलं. मग काय झालं मला कळलं नाही, मी बोलून गेले. "मी एकदा माझ्या वडिलांना चारचौघांत खोटं पाडलं होतं. ते बरोबर होते. मी त्यांना वेडं ठरवलं."

अण्णांनी चष्मा सरळ केला. कुणी अर्ज घेऊन आलं की ते असंच करायचे.

"आहेत का ते?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"माफी मागितली?"

"नाही. त्यांना आठवेल का, ठाऊक नाही."

"ते तुम्ही कसं ठरवता? विचारलंत का त्यांना?"

"नाही."

"मग इथे काय बसलात?" ते म्हणाले आणि त्यांनी आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला. "माझी नखं होतील नंतर. जा, आधी त्यांना भेटून या."

मी नेलकटर खाली ठेवलं आणि उठले. दार ओढून घेतलं, बाहेर पॅसेजमध्ये थोडा वेळ उभी राहिले, आणि मग दारावर टकटक करून आत गेले.